बर्फाचं कुणी बोललं नव्हतं

त्या घरात थोरल्या सुनेला सगळे 'इन्स्पेक्टर' म्हणत. नाव धाकट्या दिरानं ठेवलेलं. हात धुतले का, झाकण लावलं का, भांडं पालथं घातलं का, असं ती येता-जाता विचारायची म्हणून. सुरुवातीला तीही हसायची. पण पूर ओसरल्यानंतरच्या दिवसांत तिचं हसू पार आटलं, आणि त्यात तिचा काडीचाही दोष नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

नदी शहरात शिरली तशी पाणी शुद्ध करायच्या केंद्रातही शिरली. वीज परत आली, पाठोपाठ नळही आले, पण नळाचं पाणी फिकट चहाच्या रंगाचं. पाणीपुरवठ्याची गाडी गल्लीतून भोंग्यावर ओरडत गेली. पाइप फुटलेत, गटाराचं पाणी मिसळलंय, पिण्याचं पाणी उकळूनच प्या.

दीर एका मोठ्या दुकानात पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा. घरातलं यंत्रही त्यानंच आणलेलं, सवलतीत. गढूळ पाण्याचा पहिला घोट पोटात जाताच त्या यंत्रानं मान टाकली. "त्याला असलं पाणी चालत नाही," दीर म्हणाला. जावईबापूंना जेवण आवडलं नसावं तसा त्याचा सूर होता. असलं पाणी चालत नसेल तर मग चांगलं पाणी शुद्ध करायला हे यंत्र घेतलं होतं की काय, हे त्याला कुणी विचारलं नाही.

खरं तर थोडे दिवस उकळायचीही गरज पडली नसती. थोरलीनं पलंगाखाली झाकणाचे मोठे कॅन भरून ठेवले होते. अडीअडचणीला असावेत म्हणून. मधूनमधून ती ते पाणी झाडांना घालायची, कॅन घासायची आणि पुन्हा भरायची. घरात त्यावरून चेष्टा ठरलेली. "वहिनी वाळवंटात निघाल्यात." पूर ओसरला त्या सकाळी ती पलंगाखाली वाकली, तर निम्मे कॅन रिकामे. खाली दीर चिखलानं माखलेली मोटारसायकल धुऊन फडक्यानं पुसत होता.

"जुनंच तर पाणी होतं, वहिनी," तो म्हणाला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडत बसायला वेळ नव्हता, कारण आतल्या खोलीत सासरे होते.

सासऱ्यांनी उभं आयुष्य लांब पल्ल्याची बस चालवली. नुकतंच त्यांच्या आतड्याचं मोठं ऑपरेशन झालं होतं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना समोर उभं करून सांगितलं होतं, "यांचं पोट आता बिघडता कामा नये. बिघडलं, तर पुन्हा इथं आणावं लागेल, आणि तेव्हा मी कसलीच खात्री देणार नाही." हे सगळ्यांनी ऐकलं होतं. लक्षात एकटीनं ठेवलं.

ती एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत कामाला होती. स्वच्छ पाणी नाही म्हणून लॉन्ड्री बंद. "तू घरीच आहेस, तर पाण्याचं तू बघ," नवरा म्हणाला आणि स्वतः पेपर बघायला बसला.

तिनं बघितलं. नळाचं पाणी बादलीत धरायचं, तुरटी फिरवायची, गाळ खाली बसू द्यायचा. वरचं निवळ पाणी चौपदरी फडक्यातून गाळायचं, मोठ्या पातेल्यात चांगलं खळखळून उकळायचं, झाकण न काढता निवू द्यायचं आणि तोटीच्या पिंपात ओतायचं. तोटी अशासाठी, की कुणाचा हात आत जायला नको. गॅसचे सिलिंडर मिळत नव्हते, तेव्हा तिनं सासूबाईंचं आंघोळीचं गरम पाणी बंद केलं. तो राग सासूबाईंनी मनात धरला. घरातल्या एकानंही एक पातेलं उचलून ओट्यावर ठेवलं नाही. तक्रारी मात्र सगळ्यांच्या होत्या. पाणी कोमट लागतं. पाण्याला भांड्याचा वास येतो. पिंप लवकर रिकामं होतं, जरा जास्त उकळत जा ना. ती डोळ्यांत तेल घालून पिंपाची राखण करत होती आणि घर तिच्याकडे एखाद्या कटकटीसारखं बघत होतं.

आणि एवढं करून एका सकाळी सासऱ्यांचं पोट बिघडलं.

दुपारपर्यंत त्यांना उठवेना. दवाखान्यात व्हरांड्यातसुद्धा जागा नव्हती. डॉक्टरीणबाई घरी आल्या, त्यांनी सलाइन लावलं, औषध दिलं आणि बाहेर येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "उद्यापर्यंत थांबलं नाही, तर न्यावंच लागेल. काहीतरी दूषित पोटात गेलंय आणि अजून जातंय. पाणी बघा."

त्यांची पाठ वळली तशी बाहेरच्या खोलीतली तिन्ही डोकी थोरलीकडे वळली.

"पाणी कुणाच्या हातात होतं?" सासूबाईंनी विचारलं.

"माझ्या."

"मग?"

"आई, मी प्रत्येक पातेलं उकळलंय. ओट्यापासून हललेसुद्धा नाही."

"एखाद्या वेळी राहून गेलं असेल, वहिनी," दीर समजुतीच्या सुरात म्हणाला. "माणूस आहे, होतं असं. तुम्ही गॅस वाचवायला गेलात."

तो ओरडला असता तर तिनं चालवून घेतलं असतं. तो समजूत घालत होता. ज्यानं तिच्या पाण्यानं मोटारसायकल धुतली, तो तिला माफ करत होता!

"अहो, तुम्ही तरी बोला," ती नवऱ्याला म्हणाली.

"जाऊ दे ना आता. झालं ते झालं."

"काय झालं? मी काही केलंच नाही, तर जाऊ काय द्यायचं?"

"आवाज खाली," सासूबाई म्हणाल्या. "आत आजारी माणूस आहे."

आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. पलंगावर सासरे भिंतीकडे तोंड करून पडले होते. सगळं खापर तिच्या डोक्यावर फुटलं आणि घर जेवायला बसलं.

तिला सर्वांत जास्त चीड आली ती याची, की थोड्या वेळानं तिची तिलाच शंका यायला लागली. खरंच राहिलं असेल का एखादं पातेलं? तिनं पिंप रिकामं केलं. तोटी उघडून आतून घासली, फडकी उकळली, तुरटीचा खडासुद्धा धुतला. सगळं पाणी पहिल्यापासून पुन्हा केलं. लोकांच्या तोंडून चार वेळा ऐकलं की निर्दोष माणूसही स्वतःच्याच घरात चोरासारखा वावरायला लागतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा आणि दीर कामावर गेले. ती सासऱ्यांना मीठ-साखरेचं पाणी पाजायला आत गेली. पलंगाशेजारच्या लाकडी स्टुलावर एक ग्लास होता. ती वाटी ठेवायला वाकली आणि तशीच थांबली.

ग्लासाला बाहेरून घाम फुटला होता. थेंब ओघळून स्टुलावर ओलं कडं उमटलं होतं, आणि त्याच्या आजूबाजूला वाळलेली आणखी कितीतरी कडी. तिच्या पिंपातलं पाणी कोमट. कोमट पाण्याच्या ग्लासाला घाम फुटत नाही. तिनं ग्लासात डोकावून बघितलं. तळाशी बर्फाचा एवढासा तुकडा विरघळत होता.

"बाबा, हे कुणी दिलं?"

सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले.

"बाबा."

"धाकट्यानं," ते पुटपुटले. "रोज ठेवतो जाताना. बर्फ घालून. तुझं पाणी घशाखाली उतरत नाही गं पोरी. भांडं चाटल्यासारखं लागतं. मी स्टँडा-स्टँडावर गार पाणी प्यायलेला माणूस."

"काल आई मला बोलत होत्या, तेव्हा तुम्ही जागे होता?"

त्यांनी चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

"होतो."

"मग?"

"सांगितलं असतं, तर बर्फ बंद झाला असता."

सासूबाईंचं तिला काही वाटलं नव्हतं, दिराचं तर नाहीच. पण हा माणूस! ती नवीन होती तेव्हा तिच्या नोकरीसाठी घरात एकटा हाच तिच्या बाजूनं उभा राहिला होता. आणि काल हाच बर्फाच्या खड्यासाठी मूग गिळून भिंतीकडे बघत पडला होता. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. तो घामेजलेला ग्लास तिनं मोरीत ओतला आणि मीठ-साखरेचं पाणी त्यांना चमच्यानं पाजलं.

मग तिनं फ्रीझर उघडला. बर्फाचे ट्रे काठोकाठ भरलेले. ते तिनं काचेच्या मोठ्या वाडग्यात रिकामे केले आणि वाडगा जेवायच्या टेबलावर मधोमध ठेवून दिला.

संध्याकाळी सगळे टेबलाशी आले तोवर बर्फाचं पाणी झालं होतं.

"हे काय, फुलं ठेवायचीत का?" दिरानं खुर्ची ओढत विचारलं.

तिनं एक ग्लास घेतला, वाडग्यात बुडवून भरला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला.

"प्या, भाऊजी."

त्यानं ग्लास दिव्यासमोर धरला. तळाशी तपकिरी गाळ फिरत होता.

"हे कसलं पाणी?"

"तुमच्या बर्फाचं. ट्रे तुम्हीच भरता ना? कुठून?"

"नळाखाली. पण वहिनी, तो बर्फ होतो ना मग! एवढ्या गारठ्यात जंतू जगतात होय?"

"हेच सांगून यंत्रं विकता का?"

"असं कसं बोलता? आणि तुम्ही बर्फाचं कधी बोलला होता?" आता त्याचा आवाज चढला. "तुम्ही पाण्याचं बोललात. बर्फाचं कुणी बोललं नव्हतं!"

"बर्फ कशाचा होतो, भाऊजी?"

त्यानं ग्लासातल्या गाळाकडे बघितलं.

"प्या ना. बाबांना रोज दिलंत. काल त्यांना उठवत नव्हतं, तरी आज सकाळी पुन्हा दिलंत. तुमचं तर पोटही कापलेलं नाही. प्या."

दिरानं ग्लास हळूच टेबलावर ठेवला आणि दोन बोटांनी लांब सरकवला. नवरा ताटात बघत होता. सासूबाई वाडग्याकडे बघत होत्या. तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. भरल्या बसमध्ये मागच्या बाकापर्यंत पोचणारा तो जुना आवाज आता फाटला होता, पण शब्द न् शब्द कळला.

"तिचं पाणी चांगलं होतं! बर्फ मी मागितला!"

तिला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल. चुकलो म्हणेल, निदान नुसतं तिच्याकडे बघेल तरी.

"बरं, कळलं ना," सासूबाई म्हणाल्या. "आता फ्रीजकडेही लक्ष ठेवत जा म्हणजे झालं."

बोलण्यासारखं इतकं होतं, की कुठून सुरुवात करावी तेच तिला कळेना.

सासऱ्यांचे जुलाब त्या रात्रीनंतर हळूहळू थांबले. "वेळेवर कळलं म्हणून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कुणाला कळलं, ते त्यांना कुणी सांगितलं नाही. सासरे उशीला टेकून बसायला लागले, आणि एका दुपारी, सुट्टीमुळे सगळे घरात असताना, त्यांनी खोल गेलेल्या आवाजात विचारलं, "पोरी, थोडं गार मिळेल का गं?"

बर्फ तयार होता. तिनं आदल्या दिवशीच ट्रे उकळत्या पाण्यातून काढले होते, पिंपातलं पाणी भरून झाकून फ्रीझरमध्ये ठेवले होते. राग होता तरी ठेवले होते. तिनं ग्लास भरला, वर दोन खडे टाकले आणि घेऊन आत आली. मागोमाग बाकीचेही दाराशी आले. ग्लासाला बाहेरून घाम फुटायला लागला होता. सासऱ्यांनी हात पुढे केला.

"उकळलेल्याचाच आहे ना गं बर्फ?" दारातून सासूबाईंनी विचारलं. "नाही म्हटलं, खात्री केलेली बरी."

इतक्या दिवसांत हा प्रश्न त्या घरात पहिल्यांदा विचारला गेला होता, आणि तो तिला विचारला गेला होता.

तिनं सासूबाईंकडे बघितलं, मग दिराकडे. ग्लास स्वतःच्या ओठाला लावला. एक घोट घेतला, दुसरा घेतला. पूर आल्यापासून तिनंही गार पाणी प्यायलं नव्हतं, आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. ती थांबलीच नाही. उभ्या उभ्या, सगळ्यांच्या देखत, शेवटच्या थेंबापर्यंत तिनं तो ग्लास प्यायला, खडे दाताखाली कडकडा फोडले आणि रिकामा ग्लास स्टुलावर ठेवला.

"हो, उकळलेल्याचाच होता," ती म्हणाली. "ट्रेमधला आज संपला. पुढचा भाऊजी करतील. तुरटी डब्यात आहे, फडकं दोरीवर, पातेलं ओट्याखाली."

आणि ती बाहेर जाऊन खुर्चीत बसली. मग सासऱ्यांनी धाकट्याला हाक मारली, आणि थोड्या वेळानं नळाखाली बादली ठेवल्याचा आवाज आला.