रिकाम्या वाडीची जागल

लग्नाला चार वर्षं झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की आपल्याकडे सगळ्यांच्या नजरा कोणाकडे वळतात हे सांगायला नकोच. वडनेरच्या मनकर्णाबाईंची नजरही सुनेकडेच वळली. सून गोपिका समुद्रपूरकडची, कामाला वाघीण. वांगी तोडण्यापासून हिंगणघाटच्या बाजारात भाजीची पाटी घेऊन बसण्यापर्यंत कशातही मागे नाही. पण सासूच्या तोंडी दिवसभर एकच, "चार वर्सं झाले, हिची कूस काई उजवून नाई राह्यली." गोपिका खाली मान घालून भाकरी थापायची. तिचा नवरा पुंडलिक मात्र जेवण उरकून घोंगडी खांद्यावर टाकायचा आणि जागलीला निघून जायचा.

जागल म्हणजे पिकाची राखण. वाडीत भाजीपाला उभा असला की रानडुकरं शिरतात, म्हणून कोणीतरी मचाणावर झोपावंच लागतं. पण पुंडलिक बारा महिने जाई. चैतात विहीर तळाला जायची, वाडीत वाळलेल्या देठांशिवाय काही उरायचं नाही, तरी हा गडी निघालाच. गाव कौतुक करायचं, पोरगा काय कष्टाळू आहे! खरी गोष्ट नवराबायको दोघांनाच ठाऊक होती. पुंडलिक बायकोला घाबरून पळत होता.

झालं होतं ते असं. लग्नानंतर पहिल्या दिवसांपासूनच, बायकोच्या जवळ जातो न जातो तोच त्याचं सगळं आटपून जायचं. यालाच शीघ्रपतन म्हणतात, हे त्याने बाजारातल्या भिंतीवर रंगवलेलं वाचलं होतं आणि वाचून जास्तच घाबरला होता. बाजाराच्या दिवशी तंबू ठोकून बसणाऱ्या वैदूकडे तो तोंड लपवत गेला. वैदूने नाडी धरली, लहानपणच्या चुकांनी धातू पातळ झाला, आता मर्दानगी गेली म्हणून समज, असं सांगितलं आणि काळ्या पुड्या दिल्या. पुड्यांनी पोट बिघडलं, बाकी काही झालं नाही. भीती मात्र पक्की बसली. भीतीने घाई वाढायची आणि घाईने पुन्हा भीती. शेवटी त्याने बायकोजवळ जाणंच सोडलं.

एकदा गोपिकाने त्याला दारातच अडवलं होतं. "मी काई म्हणलं का तुमाले? बसा ना जराशे. बोलू आपुन," ती म्हणाली. पुंडलिकला मान वर करता आली नाही. वाडीत डुकरं पडतील, एवढंच पुटपुटून तो गेला. तेव्हा वाडी रिकामी होती.

अखेर मनकर्णाबाईंनी जातीचे पंच बसवले. नांदवून उपयोग नाही, फारकत द्या, असं ठरलं. पंचांसमोर गोपिका एक शब्द बोलली असती तर नवऱ्याची अब्रू गेली असती. तिने एकदा पुंडलिककडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता. तिने आपलं लुगड्यांचं गाठोडं घेतलं आणि बाप लक्ष्मणराव यांच्या मागे चालू लागली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही!

मग आईने दुसरी मुलगी पाहायला सुरुवात केली. पुन्हा तेच सगळं! पोट दुखतं असं सांगून तो हिंगणघाटच्या अण्णाजी डॉक्टरांकडे गेला. अण्णाजींनी पोट दाबून पाहिलं, चेहरा पाहिला आणि दार लावून घेतलं. मग त्यांनी एकेक प्रश्न इतक्या साधेपणाने विचारला की पुंडलिक सगळं सांगून मोकळा झाला.

"पुंडलिकराव, बाहेर बाकावर बसलेल्यांतही कोणाला हे असेल," डॉक्टर म्हणाले. "कोणी बोलत नाही, एवढंच. यानं मर्दानगी जात नाही आणि धातूबितू काही पातळ होत नाही. हा त्या तंबूवाल्यांचा धंदा आहे."

मग त्यांनी उपाय समजावला. घाईची वेळ आली असं वाटताच थांबायचं. श्वास शांत होऊ द्यायचा, बायकोशी दोन शब्द बोलायचे, मग पुन्हा. असं काही आठवडे केलं की बहुतेकांना ताबा येतो, नाही आला तर दुसरे उपचार आहेत. मुलाबद्दल त्याने विचारलं तेव्हा डॉक्टरांना हसू आलं. नवरा मचाणावर झोपला तर मूल होणार कुठून, म्हणाले.

"पण हे एकट्याचं काम नाही. बायकोला विश्वासात घ्यावं लागेल. बायको समजूतदार आहे ना?"

पुंडलिक तोंड झाकून रडू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तो समुद्रपूरला उतरला आणि चालत तिच्या गावी पोचला. लक्ष्मणरावांनी पाणी दिलं आणि सांगितलं, गोपिकाचा पाट लावून दिला आहे, एका लेकुरवाळ्या विधुराशी. आज ती माहेरी आलेली आहे, बोलायचं तर अंगणातच बोला. वरातीमागून घोडं आलं होतं.

त्याने सगळं सांगितलं. गोपिका उंबऱ्यावर बसून ऐकत होती.

"एवढंच होतं?" ती म्हणाली. "म्या तं म्हणलं होतं ना, बसा म्हून."

"चुकलो मी, गोपिका."

"तुमी बोलले असते तं मी जलमभर थांबली असती. आता मी वांझ हाव म्हूनच पसंत पडली त्याईले. सवतीच्या लेकरायले वाटेकरी नाई पायजे त्याईले." ती उठली. "जेवून जा. उपाशी नोका जाऊ."

पुंडलिक घरी आला तेव्हा ओसरीत नव्या सोयरिकीची माणसं बसली होती. त्यांच्यादेखतच तो म्हणाला, "गोपिकेत काई दोष नवता. दुखनं मले होतं, अन् तेबी बरं होनारं होतं. म्या बोललो नाई." पाहुणे चहा न घेताच उठले. मनकर्णाबाई भिंतीला टेकून बसल्या. "म्या त्या पोरीले चार वर्सं खाल्लं रे," एवढंच त्या म्हणाल्या.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो. बंधूंनो, अशा दुखण्यात मूठ झाकू नका! लाज तुमची असते आणि शिक्षा घरच्या लक्ष्मीला होते. पडसं-खोकला डॉक्टरला सांगता तसंच हेही सांगा, आणि त्याआधी बायकोला सांगा. आणि सासूबाईंनो, सुनेला वांझ म्हणण्याआधी आपला लेक झोपतो कुठे ते बघा.

त्या संध्याकाळी पुंडलिकने घोंगडी खुंटीवरच राहू दिली. घरात झोपायला आता त्याला भीती वाटावी असं कोणी नव्हतं.