उमरेडची लाइन

आम्हा निवृत्त टेलिफोनवाल्या अकरा जणींचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. रोज सकाळी त्यात गुलाबाची फुलं येतात. कोणी कोणाला काही विचारत नाही. अशा वेळी मला उमरेडची जयवंता फार आठवते.

१९७६ साली मी नागपूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये, म्हणजे बाहेरगावचे फोन जोडून देणाऱ्या केंद्रात, ऑपरेटर होते. सकाळी सातला प्रत्येक गावची लाइन तपासावी लागे. इकडून आम्ही एक ते दहा म्हणायचं, तिकडच्या ऑपरेटरनं तेच म्हणायचं, वहीत 'लाइन ठीक' लिहायचं आणि पुढचं गाव घ्यायचं. उमरेडला जयवंता नवीन लागली. पहिल्याच दिवशी 'दहा' म्हणून झाल्यावर तिनं विचारलं, "प्रेमिलाताई, खिडकीतून काय दिसून राहिलं जी?"

"इथं खिडकीच नाही वं."

"मंग दिवस उगवला हे कसं समजते तुमाले?"

मी सत्तावीस वर्षांची होते. घरी 'डबा झाला का' यापलीकडे मला कोणी काही विचारत नसे. त्या प्रश्नाचं उत्तर मी दिवसभर शोधलं आणि दुसऱ्या सकाळी तिला सांगितलं, "रात्रपाळीच्या बायांच्या वेण्या सुटलेल्या दिसतात ना, तवा समजते."

ती इतकी हसली की मला हेडफोन कानापासून दूर धरावा लागला.

मग रोज एक प्रश्न. एक दिवस तिचा, एक दिवस माझा. तिला मी कधी पाहिलं नव्हतं. ती विणकरांच्या घरची, एवढंच ठाऊक. एकदा मी विचारलं, "लुगड्याचे काठ मागाहून जोडता का वं?"

"अवो ताई, गोधडी आहे का ते? काठ न् अंग संगच विणते."

"पण काठाचा धोटा येगळा असते, हे सांग ना तिले!" मध्येच एक पुरुषी आवाज गरजला.

ते सुताचे व्यापारी बबनराव. त्यांनी कॉल लावला होता आणि त्यांच्या लाइनचा खटका बंद करायला मी विसरले होते. स्वतःचा कॉल विसरून ते धोट्यांवर, म्हणजे मागावर आडवं सूत नेणाऱ्या त्या लाकडी नावांवर, बोलत राहिले आणि आम्ही दोघी विचारत राहिलो. तेवढ्या वेळात माझ्या बोर्डावर सात दिवे लागून ताटकळले. तक्रार झाली. आमच्या सुपरवायझर शोभाताईंनी मला बोलावलं. "उद्यापासून आकडे. आकड्यांच्या पुढे एक शब्द नाही. नाहीतर दोघींच्याही नोकऱ्या जातील."

आठ महिने मी तिच्या तोंडून फक्त एक ते दहा ऐकले. रस्त्यानं काही नवल दिसलं की वाटे, हे जयवंताला सांगू; आणि सकाळी सातला मी 'एक, दोन' म्हणत असे.

मग उमरेडला आपोआप फोन लागणारी यंत्रणा आली. आमची लाइन त्या दिवशी सकाळीच काढणार होते. जयवंतानं शेवटचे आकडे म्हटले. वहीत 'लाइन ठीक' मला लिहवेना. शोभाताई मागेच उभ्या होत्या. त्यांनी माझ्या बोर्डावरचे कॉल स्वतःकडे ओढून घेतले आणि पाठ फिरवली.

"जयवंता," मी म्हटलं.

"आठ महिन्यात काय काय पाहिलं, सांगा ना ताई!" ती जणू याच्यासाठीच बसली होती.

"वाडीले आम्ही राहतो तिथं गोदामं आहेत. कापसाच्या गाठी बांधाच्या तारा पडून राहतात. कावळ्यानं त्या तारांचंच घरटं केलं वं. काडी एक नाही. आता त्यात पिल्लं आहेत. त्यायले टोचत नसंल का?"

तिकडून आवाज आला नाही. अवघड प्रश्नाला जयवंता वेळ घ्यायची. घरट्याचा विचार करत असेल, म्हणून मी थांबले. बराच वेळ हेडफोन कानाला दाबून बसले. शेवटी तंत्रज्ञ आत आला आणि म्हणाला, "मॅडम, उमरेड केव्हाचंच काढलं. कोणाशी बोलून राहिल्या?"