तीन पट्ट्यांचे अंतर

मित्रांनो, तुम्ही मला पाहिले तर कापड उडून गेलेल्या छत्रीचा सांगाडा समजाल. मी उडी मोजणारा जुना खांब आहे. टेक्सासमधल्या एका लहान विद्यापीठाच्या व्यायामशाळेत, सामानाच्या खोलीत, फाटक्या गाद्यांच्या मागे मी उभा असतो. खाली लोखंडी बैठक, वर सरकणारी नळी आणि नळीच्या टोकाला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या प्लास्टिकच्या पट्ट्या. लाल, निळ्या, पांढऱ्या. दोन पट्ट्यांत अर्ध्या इंचाचे अंतर.

माझा जन्म ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईने माझ्या पट्ट्या एकेक करून ओवल्या आणि प्रत्येक पट्टी बोटाने फिरवून पाहिली. पट्टी सहज फिरली पाहिजे आणि फिरली की तिथेच थांबली पाहिजे. माझे सगळे काम एवढेच आहे. शेवटची पट्टी तपासून तिने मान हलवली आणि मला खोक्यात घातले. त्यानंतर इतक्या सावकाश मला क्वचितच कोणी हात लावला.

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, त्या खेळात चेंडू पायापेक्षा हातातच जास्त असतो. दर वसंतात मोठे व्यावसायिक संघ कॉलेजांतली मुले निवडून घेतात. त्याआधी मुलांची चाचणी होते. कोण किती वेगाने धावतो, किती वजन उचलतो, जागच्या जागी किती उंच उडतो, हे सगळे मोजले जाते. उडीचे काम माझ्याकडे. मुलगा आधी टाचा टेकवून माझ्याखाली उभा राहतो आणि एक हात वर करतो. बोटे पोचतील ती पट्टी म्हणजे त्याची 'रीच'. मग तो उडी मारतो आणि जमेल तितक्या वरच्या पट्टीला चापट मारतो. उडीच्या उंचीतून रीच वजा करायची. उरते ती त्याची उडी.

आता यातली मेख बघा. रीच जितकी कमी, तितकी उडी मोठी दिसते. म्हणून हात वर करताना मुले खांदा हळूच सैल सोडतात, कोपर किंचित वाकवतात. जवळजवळ सगळेच करतात. कोच ते बघतात आणि काही बोलत नाहीत.

माझ्या उमेदीच्या काळात चाचणीच्या दिवशी मला व्यायामशाळेच्या मुख्य दालनात मधोमध ठेवत. एखाद्याने सगळ्यात वरची पट्टी उडवली की गर्दी माझ्याभोवती गोळा व्हायची, त्या मुलाला खांद्यावर घ्यायची आणि निघून जायची. मग कोणीतरी दिवे बंद करायचे. माझ्या पट्ट्या तशाच वाकड्यातिकड्या राहायच्या.

कुश मात्र आपण उडवलेल्या पट्ट्या स्वतः जागेवर फिरवून ठेवायचा. तो टेक्सासमधल्याच शुगर लँड गावचा मराठी मुलगा. मैदानाच्या मागच्या भागात उभे राहून समोरच्यांचे लांब फेकलेले चेंडू अडवणे हे त्याचे काम. चार वसंत तो माझ्याखाली उभा राहिला. इतरांसारखाच तोही खांदा सोडायचा आणि दरवेळी त्याची बोटे त्याच एका निळ्या पट्टीवर टेकायची. शेवटच्या वर्षाच्या हिवाळ्यात सरावाच्या वेळी त्याची उडी बरोबर पस्तीस इंच भरली होती.

पस्तीसला महत्त्व होते. त्याच्या जागेवर खेळणाऱ्या मुलाची उडी पस्तीसच्या खाली असेल, तर बघायला येणारे संघ त्याचे नाव तिथेच सोडून देत. आमचे विद्यापीठ लहान. इथल्या मुलांचे सामने कोणी फारसे पाहिलेले नसतात. आकडा चांगला आला तरच संघ सरावाला बोलावतो. कुशला तेवढेच हवे होते.

चाचणीच्या दिवशी त्याचे वडील प्रल्हादकाका आणि मोठी बहीण इला सकाळीच गाडीने आले. काका तेल कंपनीत इंजिनियर. ते भिंतीपाशी उभे राहिले, माझ्यापासून दहा पावलांवर. त्यांचे बोलणे मला स्पष्ट ऐकू येत होते.

"नाताळच्या सुट्टीत गॅरेजमध्ये रोज प्रॅक्टिस घेतलीय मी त्याची," काका इलाला सांगत होते. "खडूची खूण होती ना भिंतीवर? तिच्यावर दीड इंच नेला त्याचा हात. रीचचा वेगळा कॉलम असतो, मी बघितलंय."

"बाबा, तुम्ही कोच झालात की काय?"

"साधं लॉजिक आहे गं. धावण्याचा आकडा लहान हवा. बाकी सगळे मोठे."

रोजच्या कामात काटेकोर असलेल्या माणसाची ही चूक होती. लांब हात खेळात उपयोगी पडतो, म्हणून रीच जास्त तेवढी चांगली, असे त्यांनी धरले होते. ती वजा होते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

कुशचे नाव पुकारले गेले. मेरिट नावाचे कोच कागदावर त्याचे नाव लिहीत होते, त्यांची मान खाली होती. कुश माझ्याखाली आला आणि नेहमीसारखा हात वर केला. त्याची बोटे त्या निळ्या पट्टीवर टेकली. खांदा सैल होता. अजून कोणी बघत नव्हते.

तेवढ्यात त्याची नजर भिंतीकडे गेली. प्रल्हादकाका तिथे स्वतःचा हात डोक्यावर ताणून उभे होते. गॅरेजमध्ये दाखवत असतील तसे, अगदी कानाला दंड लावून. चष्मा नाकावर घसरला होता.

कुशची बोटे निळ्या पट्टीवरून उठली. खांदा वर गेला, कोपर सरळ झाले आणि बोटे आणखी तीन पट्ट्या वर जाऊन थांबली.

मेरिटनी मान वर केली. "हिवाळ्यात उंची वाढली की काय रे तुझी?" ते इंग्रजीत म्हणाले. मग आवाज खाली आणून, "खांदा सैल सोड. परत घेतो."

"नो सर," कुश म्हणाला. "दॅट्स माय रीच."

भिंतीपाशी टाळ्या वाजल्या. "शाब्बास! बघितलंस, इला? दीड इंच!"

"बाबा, प्लीज, इथे कोणी क्लॅप नाही करत."

मग कुशने उडी मारली. ती चांगली उडी होती. हिवाळ्यात जी पट्टी उडाली होती, तीच आताही उडाली, प्रत्येकाला मिळतात त्या दोन्ही प्रयत्नांत. मेरिटनी वजाबाकी केली आणि मोठ्याने वाचले. साडेतेहतीस. संघांकडून आलेल्या माणसांनी ते लिहून घेतले आणि पुढच्या मुलाकडे पाहिले.

पुढच्या मुलाने खांदा सोडला तेव्हा काका पुटपुटले, "हा असा का उभा राहिलाय? हात पूर्ण ताणत का नाही?" इलाने जवळ उभ्या असलेल्या एका खेळाडूला विचारले. त्याने हसत हसत दोन वाक्यांत समजावले. तिने ते वडिलांना मराठीत सांगितले नाही. गरजच नव्हती. त्यांनी ऐकले होते.

उड्या संपल्यावर मला ढकलत बाहेरच्या बोळात आणून ठेवले. थोड्या वेळाने तिघेही तिथेच आले.

"मी सांगतो त्यांना जाऊन," काका म्हणत होते. "चूक माझी आहे म्हणून सांगतो."

"काय सांगणार बाबा? दॅट माय आर्म्स आर टू लाँग?"

"चेष्टा नको रे."

"मला माहीत होतं, बाबा. कॉलेजच्या फर्स्ट इयरपासून. सगळे शोल्डर ड्रॉप करतात. मी पण करायचो."

"मग आज का नाही केलंस?"

कुशने खांदे उडवले. "तुम्ही हात वर करून उभे होतात. आय जस्ट कुडन्ट."

"मला बरं वाटावं म्हणून बोलतोयस," काका म्हणाले. "तुला ठाऊक असतं तर गॅरेजमध्येच मला वेड्यात काढलं असतंस."

"सुट्टी होती," कुश म्हणाला. "तुम्ही एवढे एक्साइटेड होतात, यार."

"बघ, हे पण बनवूनच सांगतोयस."

तेवढ्यात कुशला धावायला बोलावले आणि तो गेला.

मित्रांनो, त्या बोळात साक्षीदार एकटा मी होतो. निळ्या पट्टीवर टेकलेली बोटे फक्त मला कळली होती. पण हात लागला की फिरायचे आणि थांबायचे, एवढेच मला येते.

कुशला कोणत्याही संघाचा फोन आला नाही. मे महिन्यात तो कपाट रिकामे करायला आला, तेव्हा काका सोबत होते. तोवर माझी रवानगी या खोलीत झाली होती. कुश मेरिटना भेटायला गेला आणि काका दार उघडे दिसले म्हणून आत आले. माझ्याखाली येऊन त्यांनी हात पूर्ण ताणला. मग खांदा खाली सोडला. पुन्हा ताणला, पुन्हा सोडला. किती फरक पडतो ते दुसऱ्या हाताच्या बोटांनी मोजले.

"एवढ्यात घालवलं मी पोराचं," ते म्हणाले. खोलीत दुसरे कोणी नव्हते. बाहेरून कुशची हाक आली तेव्हा त्यांनी चष्मा पुसला, ओ दिली आणि दार लावून घेतले.

आता माझ्या जागी विजेची चटई आली आहे. मुलगा हवेत किती वेळ राहिला त्यावरून ती उडी काढते. तिला रीच लागत नाही. त्या दिवशी ती असती तर कोणाचा खांदा सैल आहे हा प्रश्नच आला नसता, हे मला मान्य आहे. मला परत मुख्य दालनात न्या, असे मी म्हणणार नाही. हवेत पाय पोटाशी घेतले की चटईही फसते, हे मुलांना यथावकाश कळेलच.

माझे मागणे वेगळे आहे. तुम्ही मोठे होऊन कोणाची परीक्षा घ्याल, कोणाला आकडे द्याल. तेव्हा मान खाली घालून लिहीत राहू नका. समोरचा हात वर करत असेल तेव्हा त्याच्याकडे बघा. मेरिट वाईट माणूस नव्हते, त्यांचे फक्त त्या क्षणी लक्ष नव्हते.

आणि तुमच्यापैकी कोणी शुगर लँडला राहत असेल, तर प्रल्हादकाकांना एवढा निरोप द्या. म्हणावे, काका, पोरगा खरे बोलला. त्याची बोटे आधी खालच्याच पट्टीवर होती. तुम्हाला पाहिल्यावर त्याने ती आपणहून वर नेली.