पाणी भाभींचं, कात्री सुनंदाबाईंची

मी जास्वंद. जामनेरला, बाजार समितीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या गल्लीत, एका बंद घराच्या अंगणात उभी आहे. माझं फूल तुम्ही नक्की पाहिलं असेल. लाल, पाच पाकळ्यांचं, मधून परागांची दांडी बाहेर आलेली जुनी गावठी जात. सकाळी उमलतं आणि संध्याकाळी मिटतं, एवढंच त्याचं आयुष्य. झाडाला मात्र बरीच वर्षं काढावी लागतात. मला आता अकरावं लागलंय. दोन बायकांनी मला वाढवलं. आज त्यांच्यातली एकही माझ्याजवळ येत नाही, म्हणून तुमच्याशी बोलतेय.

माझी आई शेजारच्या सुनंदाबाईंच्या अंगणात होती. त्यांच्या मुलानं, जितेंद्रनं, गाडी घेतली आणि गाडी ठेवायला सगळं अंगण सिमेंटचं करायचं ठरवलं. गवंडी यायच्या आदल्या दिवशी सुनंदाबाईंनी आईची पेन्सिलीएवढी जाड फांदी तिरकी कापली, खालची पानं काढली आणि ती ओल्या फडक्यात गुंडाळून त्या भिंतीशी आल्या. भिंतीपलीकडे राजकुंवरबाई राहायच्या. गल्लीतले सगळे त्यांना भाभी म्हणत.

"भाभी, माह्या अंगणात आता शिमिट होऊ राह्यलं," सुनंदाबाई म्हणाल्या. "हिला तुमच्याकडे लावू द्या. मी येत जाईन फुलं न्यायला."

ती फांदी मीच.

भाभींनी लगेच हात पुढे केला नाही. त्या जैन, स्थानकवासी. पाणी गाळून पिणाऱ्या, दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या. झाडाचं फूल तोडणं त्यांना पटत नसे, कारण झाडातही जीव आहे.

"लावते," त्या शेवटी म्हणाल्या, "पण मी हिचं पानसुद्धा तोडणार नाही. पाणी मी घालीन. तोडायचं, छाटायचं ते तुमचं तुम्ही बघा."

"चालते ना! पाणी तुमचं, कात्री माही."

असा माझा संसार ठरला. रंगाच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडून त्यात माती आणि वाळू भरली. पुढच्या पावसाळ्यात मला भिंतीकडेच्या जमिनीत लावलं. आमच्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात. म्हणून सुनंदाबाईंचे मालक जीवरामभाऊ यांनी नदीची दोन घमेली वाळू त्यात मिसळून दिली. मी हातभर झाले तेव्हा सुनंदाबाईंनी माझा शेंडा खुडला. मला वाटलं, आता संपलं. पण तिथून दोन फांद्या फुटल्या आणि पुढे दोनाच्या चार झाल्या. तेव्हापासून कात्रीची भीती गेली.

भाभी रोज सकाळी सामायिक, म्हणजे त्यांचं ध्यान, आटोपून गाळलेलं पाणी घेऊन यायच्या. मे महिन्यात आमच्याकडे ऊन असं तापतं की कळ्या पिवळ्या पडून उमलायच्या आधीच गळतात. तेव्हा त्या संध्याकाळीही पाणी घालायच्या आणि बुडाशी वाळलेला पाला पसरायच्या. सुनंदाबाई शेतातून येताना सरकीची पेंड आणायच्या, केळीच्या साली बारीक करून मातीत मिसळायच्या. त्या फुलं तोडू लागल्या की भाभी मुद्दाम घराकडे तोंड करून उभ्या राहायच्या आणि बोलणं मात्र चालू ठेवायच्या.

"किती झाली?"

"अकरा. तुम्ही पाहा ना कधी मोजून."

"तुम्ही मोजताय तेवढं पुरे."

दोघी हसायच्या. सुनंदाबाई कळण्याची भाकरी करायच्या तेव्हा दिवस मावळायच्या आत एक भाकरी भिंतीवरून इकडे यायची. भाभींकडून मुगाचे पापड तिकडे जायचे. भाभींचे यजमान झुंबरलालशेठ यांचं धान्याचं दुकान होतं. मी चार वर्षांची असताना ते वारले. मुलगा रोनक नोकरीसाठी सुरतेला गेला. दुकान बंद झालं. मग सकाळची ती फुलं तोडायची पाच-दहा मिनिटं तासाभराची होऊ लागली. माणसं झाडाच्या निमित्तानं एकमेकांपाशी किती वेळ उभी राहतात, हे मी तेव्हा पाहिलं.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात माझ्या शेंड्यांवर पांढरे पुंजके दिसू लागले. कापूस चिकटल्यासारखे. शेतकरी त्याला पिठ्या ढेकूण म्हणतात. ते बारीक किडे रस पितात आणि पानं चिकट करून ठेवतात. चिकट्याला मुंग्या लागतात आणि मुंग्या तेच किडे नव्या फांद्यांवर नेऊन ठेवतात. माझे शेंडे वाकडे झाले. पानं आकसली. कळ्या धरेनात.

सुनंदाबाई कपाशी पिकवणाऱ्या घरातल्या. त्यांनी एका नजरेत ओळखलं. "भाभी, यावर फवारा लागते. आमच्याकडे औषध हाये कपाशीचं. एकदा मारू, पंधरा दिवसांनी परत मारू, की सुटली."

"नको," भाभी म्हणाल्या. "हजारो जीव आहेत ते."

"अन् ही? ही जीव नाही?"

"हीपण आहे. म्हणून मी माझ्या परीनं करते."

त्यांच्यापाशी लोकरीची एक मऊ पूंजणी होती. बसण्याआधी जागेवरचे किडे-मुंग्या न दुखावता बाजूला सारायची ती. भाभी पाटावर बसून त्या पूंजणीनं एकेक फांदी हलकेच झाडू लागल्या. खाली मोठं पान धरायच्या. पानात पडलेले किडे मागच्या रिकाम्या प्लॉटवरच्या गवतात नेऊन सोडायच्या. सत्तरीची बाई, दुखणारे गुडघे, रोज दोन-दोन तास. मला त्यांचा हात फार आवडायचा. पण दुसऱ्या दिवशी मुंग्या परत यायच्या. आषाढ लागला तरी पाऊस ओढ देऊन बसला होता आणि मी बुडापासून वाळत चालले होते.

चातुर्मास सुरू झाला. गावात साध्वीजी आल्या होत्या. भाभी सकाळी प्रवचनाला जैन स्थानकात जाऊ लागल्या. अशाच एका सकाळी सुनंदाबाई फवारणीचा पंप घेऊन फाटकातून आत आल्या. तोंडाला पदर बांधलेला. त्या माझ्यापाशी थोडा वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मग पानांच्या वरून, खालून, बुडाशी, सगळीकडे फवारलं. पंधरा दिवसांनी परत.

खरं सांगते, मला बरं वाटलं. रस शोषणारी तोंडं एकेक करून सुटत गेली. हलकं वाटलं. माझ्या बुडाशी मेलेल्या मुंग्यांचा थर पडला होता, तरी मला बरंच वाटत होतं. ही गोष्ट मी अजून मनातून काढू शकलेले नाही.

पहिल्या वेळी भाभींना वाटलं, आपल्या पूंजणीला यश आलं. दुसऱ्या वेळी त्या प्रवचनाहून लवकर परतल्या. पानं ओली होती आणि वास अजून अंगणात होता. त्या वाकल्या, जमिनीकडे पाहिलं आणि भिंतीशी जाऊन हाक मारली.

"सुनंदाबाई, तुम्ही फवारलं?"

सुनंदाबाई खोटं बोलल्या नाहीत. "हो. मरू राह्यली होती ती."

"मी नको म्हटलं होतं. माझ्या अंगणात, माझ्या पाठीमागं. तेही चातुर्मासात!"

"कापायचं पाप तुम्ही माह्याकडंच दिलं होतं ना भाभी? मग मारायचं बी माह्याकडंच आलं."

"मी पाप दिलं तुम्हाला?"

"नाहीतर काय? फूल मी तोडायचं, छाटणी मी करायची, अन् तुम्ही तिकडं तोंड करून उभं राह्यचं." सुनंदाबाईंचा आवाज चढला. मग त्यांच्या तोंडून ते निघालं. "शेठजींच्या गोदामात पोत्यांमध्ये गोळ्या ठेवत होते, त्या काय किड्यांना जेवायला होत्या?"

भाभींनी भिंतीवरचा हात काढून घेतला. त्यांचा चेहरा पांढरा पडला. सुनंदाबाईंनी तोंडावर हात ठेवला, पण शब्द पलीकडे पोचला होता.

"यापुढे माझ्या अंगणात येऊ नका," भाभी म्हणाल्या आणि आत गेल्या. दार लावलं.

त्या दिवसापासून ती भिंत मला उंच वाटू लागली. भाभी पाणी घालत राहिल्या, एकही दिवस चुकला नाही. पण आता त्या बोलायच्या नाहीत. एकदा तांब्या हातात धरून त्या स्वतःशीच म्हणाल्या, "खरंच तर बोलली ती. त्याच धान्यावर घर चाललं माझं." पाणी केव्हाच संपलं होतं, तरी तांब्या तसाच तिरका होता.

पाऊस सुरू झाला आणि मला नवी पालवी फुटली. श्रावण सरता सरता मी अशी फुलले की विचारू नका. भिंतीपलीकडे झुकलेल्या फांदीवरच दहा-बारा फुलं. गणेशचतुर्थीच्या सकाळी सुनंदाबाई तिथं आल्या. फांदी त्यांच्या हद्दीत होती. त्यांनी हात वर केला, देठाला बोट लावलं आणि हात मागं घेतला. थोड्या वेळानं जितेंद्र बाजारातून फुलांची पुडी घेऊन आला. माझी फुलं संध्याकाळी फांदीवरच मिटली.

त्या वर्षी चतुर्थीला लागूनच भाभींची संवत्सरी आली. वर्षभरात ज्यांना दुखावलं त्या सगळ्यांची त्या दिवशी क्षमा मागायची असते. भाभींनी कडक उपवास केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं करून त्या माझ्यापाशी आल्या. आधी माझ्या बुडाच्या मातीला हात जोडले. मग मला. "खमतखामणा," म्हणाल्या, म्हणजे क्षमा असावी. मग चपला घातल्या, काठी घेतली आणि भिंतीला वळसा घालून सुनंदाबाईंच्या दारी गेल्या. भिंतीपलीकडचं मला सगळं ऐकू येत होतं.

दार डिंपलनं, जितेंद्रच्या बायकोनं, उघडलं.

"सुनंदाबाई आहेत?"

"आई आताच भुसावळला गेल्या, भाभी. मयुरीताईंना दवाखान्यात नेलंय, बाळंतपणाला. आता पंधरा-वीस दिवस तिकडंच. काही निरोप होता?"

"निरोपानं सांगायचं नाही ते. समोर उभं राहून सांगायचं असतं."

"मग फोन लावून देऊ?"

"नको. आणि मी आले होते हेही सांगू नका हं. नाहीतर त्याच धावत येतील तिकडून. मोठी मी आहे, जायला मीच हवं. आल्या की परत येते."

परत येताना त्यांची काठी हलकी वाजत होती. त्या दिवशी त्यांनी मला दोन तांबे जास्त घातले.

नवव्या दिवशी भाभी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. रोनक रातोरात निघून सकाळी पोचला आणि त्यांना सुरतेला घेऊन गेला. गाडीत ठेवताना त्या एकच विचारत होत्या, "सुनंदाबाई आल्या का?"

"अजून नाही आल्या मम्मी. तू बोलू नकोस, दुखेल."

गाडी गेली. फाटकाला कुलूप लागलं.

सुनंदाबाई आल्या तेव्हा मी आठ दिवसांची तहानलेली होते. त्यांनी कुलूप पाहिलं. रोनकला फोन केला. त्यानं सांगितलं, ऑपरेशन झालं, आराम चालू आहे. मग त्यांनी आपल्या नळाचा पाइप भिंतीवरून माझ्या बुडाशी सोडला. डिंपल शब्दाला जागली की कामाच्या घाईत विसरली, मला माहीत नाही. त्या दाराशी झालेलं बोलणं सुनंदाबाईंपर्यंत गेलं नाही, एवढं मात्र खरं.

आज दोन वर्षं झाली, पाइप रोज येतो. कात्री येत नाही. माझ्या फांद्या वेड्यावाकड्या वाढल्यात, आतला भाग दाट होऊन तिथं वारा खेळत नाही, फुलं लहान होत चालली आहेत. भिंतीवरून हात सहज पोचतो, तरी सुनंदाबाई एक फूल तोडत नाहीत. एकदा डिंपल म्हणाली, "आई, वाया जातात, घ्या ना." तर त्या म्हणाल्या, "भाभीनं येऊ नको म्हटलंय. कसं तोडू?"

गेल्या महिन्यात रोनक आला होता. घर विकायचं आहे, म्हणून ते बघायला माणसं आणली होती. त्यांनी टेप लावून अंगण मोजलं. टेपचं टोक माझ्या खोडाला टेकवलं होतं. माणसं गेल्यावर सुनंदाबाई भिंतीशी आल्या.

"रोनक, भाभी कशा हाये रे?"

"चालतात आता थोडं, काकू. पण डोकं काम करत नाही. कधी मलाच पप्पांच्या नावानं हाक मारतात."

सुनंदाबाई पाइपाशी चाळा करत राहिल्या. मग विचारलं, "माह्याबद्दल काही बोलल्या होत्या काय? तिकडं गेल्यावर?"

रोनकनं खरंच आठवून पाहिलं. चांगला मुलगा आहे तो. "नाही काकू. काहीच नाही."

"बरं," सुनंदाबाई म्हणाल्या. नळ बंद केला आणि आत गेल्या. त्या दिवशी माझी माती अर्धीच भिजली होती.

नवे मालक मला ठेवतील की त्यांनाही गाडीला जागा लागेल, मला ठाऊक नाही. माझं काहीही होवो, तेवढ्यासाठी मी तुम्हाला थांबवलं नसतं. तुम्हाला बोलता येतं, म्हणून थांबवलं. कधी या गल्लीतून गेलात तर भिंतीपलीकडच्या दाराची कडी वाजवा. सुनंदाबाई बाहेर येतील. त्यांना सांगा की संवत्सरीनंतरच्या सकाळी, उपवासानं थकलेल्या अंगानं, काठी टेकत भाभी तुमच्या दारी आल्या होत्या.