नवनाथची कावीळ

दारू कमी करायचं नवनाथनं ठरवलं ते बायकोच्या सांगण्यावरून नाही. सुमन वीस वर्षं सांगत होती, आणि इतकी वर्षं सांगितलेली गोष्ट नवऱ्याच्या कानात शिरत नाही हे तिलाही माहीत झालं होतं. डॉक्टरनं सांगितलं असंही नाही, कारण डॉक्टरकडं तो जातच नव्हता. ठरलं ते एका गुरुवारी सकाळी.

थोरली मुलगी योगिनी पोलीस भरतीची तयारी करत होती. दिवसा कॉलेज, संध्याकाळी क्लास, त्यामुळं पळायला वेळ उरायचा तो पहाटे पाचचा. संत तुकाराम नगरातल्या त्यांच्या भाड्याच्या घरापासून मैदान दहा मिनिटांवर होतं, पण त्या वेळी रस्त्यावर कुत्री आणि बाइकवरची टोळकी सोडली तर चिटपाखरू नसायचं. सुमननं निक्षून सांगितलं, "बाप बरोबर येत असेल तर जा. नाहीतर राहू दे ती भरती." म्हणजे पोरीचं पळणं बापाच्या उठण्यावर आलं.

नवनाथ उठला. चार दिवस उठला. बरोबर जायचंच आहे तर आपणही पळावं, असं त्याच्या मनानं घेतलं. चाकणच्या कंपनीत प्रेस शॉपला अकरा वर्षं काढून त्याचं वजन ब्याण्णव किलो झालं होतं, त्यातलं निम्मं तरी पोटावर असावं. दुसऱ्या फेरीलाच तो पोट धरून खाली बसायचा आणि योगिनी आपली फेरी अर्धी टाकून त्याच्या पाठीवरून हात फिरवायला यायची. तिचं घड्याळ चालूच असायचं.

पाचव्या दिवशी, म्हणजे त्या गुरुवारी, त्याला जाग आली तीच मुळी साडेसहाला. बुधवारी बैठक लांबली होती. दाराशी योगिनीचे बूट होते. लेस बांधलेली तशीच होती, घालून वाट बघितलेले आणि मग नुसते पायातून उपसून ठेवलेले.

"उठवलं कामून नाहीस?" त्यानं विचारलं.

"दोनदा हाक मारली पप्पा. तुम्ही हं म्हणालात," एवढं बोलून ती कणीक मळायला गेली. चिडली असती, चार शब्द बोलली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. नवनाथला आपली भयंकर लाज वाटली.

आता बैठकीबद्दल सांगायला हवं. कंपनीची बस संध्याकाळी साडेसहाला नाशिक फाट्यावर सोडायची. तिथून तिघं कासारवाडीच्या एका परमिट रूमच्या मागच्या टेबलावर जाऊन बसायचे. नवनाथ, त्याच्याच मशीनवरचा ज्ञानदेव आणि स्टोअरचे मारुतराव. आठवड्यातून चार दिवस तरी. नवनाथ अंबाजोगाईकडून आला तेव्हा या शहरात त्याचं कुणी नव्हतं. खोली मिळवून दिली ती ज्ञानदेवनं, सुमनच्या दुसऱ्या बाळंतपणात गावाकडचं माणूस येईपर्यंत डबा पुरवला तो ज्ञानदेवच्या बायकोनं, केसरनं. तेव्हा ते टेबल म्हणजे नवनाथचं सोयरंधायरं होतं. ते सोडायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. फक्त कमी प्यायची, शनिवारी एक ग्लास, एवढंच त्याला हवं होतं.

पण कमी पिणाऱ्याला बैठकीत जागा नसते. त्यानं ग्लासात पाणी जास्त घातलं तर मारुतराव वरून दारू घालायचे. "आज नको" म्हटलं तर ज्ञानदेव विचारायचा, "का रं राव, आमचं काय चुकलं का?" लिंबू सरबत मागवलं तर वेटरसुद्धा हसला. तिसऱ्या दिवशी घेरल्यावर नवनाथ म्हणाला, "गोळ्या चालू आहेत."

"कसल्या गोळ्या?" मारुतरावांनी विचारलं.

खोटं बोलायचं तर आधी तयारी करावी, एवढी अक्कल आपल्या माणसाला नव्हती. तोंडात आलं ते तो बोलून गेला. "कावीळ झालीय."

मारुतरावांनी त्याच्यासमोरचा ग्लास स्वतःच्या हातानं उचलून दूर ठेवला. "सहा महिने थेंब घ्यायचा नाही," ते म्हणाले. पिणाऱ्याला जागा होती आणि आजाऱ्यालाही होती, हे नवनाथला त्या दिवशी कळलं. सहा महिन्यांची रजा मंजूर झाली. घरी येऊन त्यानं ही गंमत सांगितली तेव्हा योगिनी खदखदून हसली, सुमन मात्र म्हणाली, "असलं आजारपण तोंडानं ओढवून घेऊ नये."

तिचं खरं निघालं, पण वेगळ्या तऱ्हेनं. आजारी माणसाचं मित्र काय करतात याचा हिशेब नवनाथनं धरलाच नव्हता. दुसऱ्या दिवसापासून ज्ञानदेवनं त्याला ताब्यात घेतलं. कॅन्टीनमध्ये त्याच्या ताटातली तर्रीची भाजी काढून घ्यायची आणि पुढ्यात ताक-भात ठेवायचा. दुपारच्या सुट्टीत गेटबाहेर जाऊन उसाचा रस आणायचा, तोही बिनबर्फाचा. पत्र्याला आकार देणारी जड लोखंडी डाय उचलायची वेळ आली की ज्ञानदेव त्याला कोपरानं बाजूला सारायचा, "तू हो तिकडं, तुला न्हाई झेपायचं." इकडं नवनाथ पहाटे चार-चार फेऱ्या मारून आलेला, पोटात भुकेचा डोंब, आणि समोर ताक-भात. वजन मात्र झपाट्यानं उतरलं, आणि ते बघून ज्ञानदेव आणखीच काळजीत पडला.

खरं सांगून टाकावं असं नवनाथच्या रोज ओठावर यायचं. पण उन्हातून रसाचा ग्लास सांभाळत येणाऱ्या माणसाला काय सांगणार? उद्या सांगू, म्हणून तो पिऊन टाकायचा.

एका रविवारी ज्ञानदेव बाइक घेऊन दारात हजर. "चल, कोंडाजीबाबाकडं. लई जणांची उतरवलीय त्येनं." राजगुरुनगरच्या पुढं, ज्ञानदेवच्या आजोळच्या गावात, हा म्हातारा कावीळ उतरवायचा. एका वनस्पतीच्या काड्या दोऱ्यात गुंफून त्यानं बांगडीपेक्षा थोडी मोठी माळ केली आणि नवनाथच्या डोक्यावर ठेवली. माळ दिवसागणिक वाढत जाणार, गळ्यात येणार, मग पोटावर, आणि पायांतून निघाली की कावीळ गेली. म्हाताऱ्यानं नारळाशिवाय काही घेतलं नाही. फक्त सगळा वेळ तो नवनाथपेक्षा ज्ञानदेवकडंच बघत होता. शेवटी म्हणाला, "तुमी न्हाई का बसत?"

"मला काय झालंय?" ज्ञानदेव म्हणाला आणि बाइकला किक मारली.

माळ वाढली. कावीळ नसलेल्या माणसाच्या अंगावरही ती झकास वाढली, चौथ्या दिवशी गळ्यात, नवव्या दिवशी बेंबीवर. "काड्या वाळतात पप्पा, गाठी सैल होतात," योगिनीनं समजावलं. कॅन्टीनमध्ये मात्र लोक ती बघायला उठून येत होते. अकराव्या दिवशी नवनाथनं ती पायांतून काढली आणि ज्ञानदेवनं शॉपभर पेढे वाटले. आता बरं झालं, म्हणजे खोटं आपोआप संपलं, असं समजून नवनाथनं सुटकेचा श्वास टाकला.

त्यानंतर ज्ञानदेव तीन दिवस कामावर आला नाही. फोनवर म्हणाला, पित्त झालंय.

चौथ्या दिवशी पहाटे नवनाथ मैदानावर तिसरी फेरी पुरी करत होता. योगिनी पुढं निघून गेली होती. खांबावरच्या दिव्याखाली कुणी उभं होतं. जवळ आला तर ज्ञानदेव. अंगावर स्वेटर, हातात पिशवी, पायांत चपला, आणि त्या पायांवर सूज. नवनाथ पळता पळता थांबला. आता हा विचारणार, कावीळ झालेला माणूस पहाटे पळतो कसा.

ज्ञानदेव हसत होता. "वैनी म्हनल्या तू हितं असतोस. बघ, बघ कसा पळाया लागलास! पंधरा दिसांत!" आणि त्यानं स्वेटरचा गळा खाली ओढला. आत माळ होती. "तीन दिस झालं जाऊन आलो बाबाकडं. कुनाला बोललो न्हाई. दोन महिनं झालं, लघवी पिवळी, अन्न जात न्हाई. केसर म्हनत हुती दवाखान्यात चला. म्या म्हनलं कशाला, नवनाथची उतरली का न्हाई? मग माझी न्हाई व्हय उतरायची?"

दिव्याच्या उजेडात नवनाथनं त्याचे डोळे बघितले. ते हळदीसारखे पिवळे होते. रोज समोरासमोर जेवताना हे आपल्याला दिसलं कसं नाही? दिसलं नाही, कारण तो ताटाकडं बघत होता, आपलं खोटं सांभाळत.

सांगितलं तर हा मित्र जाणार होता. नाही सांगितलं तरीही जाणार होता, आणि तो कायमचा. योगिनी फेरी संपवून येऊन उभी राहिली, तिनं एकदा ज्ञानदेवच्या गळ्याकडं बघितलं, एकदा बापाकडं.

"ज्ञानदेव, मला कावीळ झालीच नव्हती," नवनाथ म्हणाला.

"आँ?"

"कधीच नव्हती. पहाटे पोरीसंगं पळायचं होतं, म्हणून पिणं कमी करायचं होतं. तुम्ही ऐकत नव्हतात. तोंडात आलं ते बोललो. माळ उगीच वाढली, ती कुणाच्याबी अंगावर वाढते."

ज्ञानदेवला समजायला वेळ लागला. चेहऱ्यावरचं हसू गेलं. "म्हंजी... त्यो रस?"

"हो."

"आन् त्या डाया? माझ्या कमरंचा काटा ढिला झाला, त्यो?"

"त्यासुद्धा," नवनाथ म्हणाला.

"नुसतं सांगायचं की रं, नगं म्हनून."

"ऐकलं असतंस?"

ज्ञानदेव खोटं बोलणारा नव्हता. "न्हाई," तो म्हणाला. मग त्यानं माळेला हात लावला, ती तोडावी की राहू द्यावी हे त्याला कळेना. एवढा दांडगा माणूस, दोघांना भारी पडणारी डाय एकटा उचलणारा, त्याचा आवाज बारीक झाला. "मग माझं काय रं, नवनाथ?"

नवनाथनं त्याचा दंड धरला. ज्ञानदेवनं तो झटक्यानं सोडवून घेतला, पण चालत मात्र त्याच्याच बरोबर निघाला. योगिनीनं घरून केसरला फोन लावला. नवनाथनं सुपरवायझरला रजेचा निरोप टाकला, आणि दवाखान्याची ओपीडी उघडायच्या आधी दोघं जाऊन बाकावर बसले. अडीच तास गेले. नवनाथनं चहा आणला, ज्ञानदेवनं घेतला नाही. बाकावर दोघांच्या मध्ये त्यानं आपली पिशवी ठेवली होती. नवनाथला वाटलं, गेला आपला मित्र, पण निदान इथवर आला.

आतली डॉक्टर तरुण मुलगी होती, योगिनीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिनं डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या, पोट दाबलं, पायाच्या सुजेवर बोट रुतवलं. मग कागदाकडं बघत विचारलं, "दारू घेता का?"

या प्रश्नाला द्यायचं उत्तर सगळ्या पिणाऱ्यांना पाठ असतं. "कधीतरी," ज्ञानदेव म्हणाला. मग थांबला. दाराशी उभ्या नवनाथकडं त्यानं मान वळवून बघितलं, मैदानावरून निघाल्यापासून पहिल्यांदाच, आणि पुन्हा डॉक्टरकडं वळला.

"कधीतरी न्हाई, बाई. रोज. आन् दोन वर्सं झाली, सकाळी पन. कंपनीच्या बसमधी बसायच्या आधी. त्याबिगर हात थरथरत्यात."

अकरा वर्षं एका मशीनवर, एका टेबलावर, आणि हे नवनाथला ठाऊक नव्हतं. आपण खोटं बोलत होतो तेव्हा समोरचाही बोलतच होता, आणि त्याचं खोटं त्याला आतून खात होतं. नवनाथला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही.

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. रागावली नाही. "बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "आजच दाखल व्हायचं. दारू एकदम तोडली की त्रास होतो, तो इथं आमच्या देखत होऊ दे. बाकी रिपोर्ट आल्यावर बघू. तुमच्याबरोबर कोण आहे? त्यांना सगळं नीट समजावून सांगते."

"ह्यो हाय," ज्ञानदेवनं अंगठ्यानं मागं दाखवलं. "दोस्त हाय माझा. पन बाई, काय सांगायचं ते कागदावर लिवून द्या. तोंडी सांगितलं तर ह्यो मला खोटं सांगंल, काय झालं न्हाई म्हनून."

डॉक्टर हसली आणि लिहायला लागली. नवनाथ पुढं झाला, डोळे पुसले आणि कागद घ्यायला हात पुढं केला. ज्ञानदेवनं शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि त्याला बसायला जागा करून दिली.