मुलांचा रकाना

"अगं, मुलांचा रकाना रिकामाच ठेवलास तू," सवलतकाकू म्हणाल्या.

"राहू दे काकू," पॅकिंगमध्ये आजच लागलेली पोरगी म्हणाली. "नको ती सवलत."

नको? पगार विभागात काकूंचा जन्म गेला, पण करातली सवलत नको म्हणणारं माणूस त्यांना अजून भेटायचं होतं. नव्या माणसाला शेजारी बसवून फॉर्म भरून घ्यायचा आणि हक्काची एकही सवलत सुटू द्यायची नाही, हा त्यांचा बाणा. टोपणनाव त्यावरूनच पडलेलं. त्यात सकाळीच त्यांनी या पोरीला कंपनीच्या पाळणाघराच्या दारात लेकीच्या मुठीतून पदर सोडवून घेताना पाहिलं होतं.

"लाजतेस कशाला? रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, सरकार कुठून देणार?" असं म्हणत काकूंनी पाळणाघराच्या नोंदीवरून मुलीचं नाव स्वतःच लिहून टाकलं आणि पेन पुढे केलं. नोकरीचा पहिला दिवस, नाही कसं म्हणायचं? पोरीने सही केली. पेन दोनदा अडखळलं. नवखी आहे, घाबरली असेल, असं काकूंना वाटलं.

फॉर्म करखात्याच्या टपालात गेला. जेवणाच्या सुट्टीत पोरगी पुन्हा पगार विभागाच्या दारात आली. हातातला डबा उघडलेलाही नव्हता.

"काकू, हे तिच्या वडिलांना कळतं का?"

"कळतं की. एकाच मुलावर दोघांना सवलत नसते. खातं त्यांना पत्र पाठवून विचारतं."

"त्यात मी कुठे काम करते ते असतं?"

काकूंनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्या पत्रात कंपनीचं नाव आणि पत्ता सगळ्यात वर असतो.

"तो आम्हाला शोधतोय," पोरगी म्हणाली. "मागच्या वेळी दवाखान्याच्या बिलावरून पोचला होता." बोलताना तिने कानामागच्या व्रणावर केस ओढून घेतले.

काकू धावल्या. जिना उतरताना गुडघ्यांनी बोंब मारली, ती त्यांनी ऐकली नाही. फाटकाशी टपालाची गाडी सुरू झाली होती.

"काकू, पिशवीला सील लागलंय," वॉचमन म्हणाला.

"तुझं सील गेलं खड्ड्यात. चूक माझी आहे, काय लिहून घ्यायचं ते माझ्याकडून घे."

पाकीट हातात आलं तशा काकू परत वर आल्या.

त्यांनी नवा फॉर्म काढला. "रकाना कोरा चालत नाही गं," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "कोरा असला की चौकशी येते. आहेत किंवा नाहीत, काहीतरी लिहावंच लागतं."

पोरीने 'नाहीत' लिहिलं. या वेळी पेन अडखळलं नाही. काकूंनीच नजर दुसरीकडे वळवली.

संध्याकाळी ती लेकीला घेऊन फाटकाशी आली. वॉचमन कौतुकाने खाली वाकला. "नाव काय गं तुझं, चिमणे?"

मुलीने आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. तिला शिकवलेलं होतं.

काकू मागेच होत्या. आल्यागेल्या प्रत्येक पोराचं नाव विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"तुला काय करायचंय नाव?" त्या वॉचमनला म्हणाल्या. "फाटक उघड."

मग त्याच आधी बाहेर गेल्या. रस्त्याची दोन्ही टोकं नीट पाहिली आणि मागे वळून मायलेकींना हाताने खूण केली.