गाठींची दोरी

जळकोटात हायवेच्या कडेला महालिंगप्पांचा फोटो स्टुडिओ होता, आणि तिथला फोटो कधी पुसट आला नाही, असं सगळं गाव सांगायचं. आप्पांची युक्ती साधी होती. डोळ्यांवर विश्वास म्हणून ठेवायचा नाही. कॅमेऱ्याच्या स्टँडला त्यांनी एक दोरी बांधली होती आणि तिला फुटाफुटावर गाठी मारल्या होत्या. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं, की दोरी ताणून त्याच्या नाकापर्यंत न्यायची, गाठी मोजायच्या आणि तोच आकडा लेन्सवर लावायचा. लोक गालातल्या गालात हसायचे. नाकाशी दोरी आली म्हणून एका नव्या नवरीला शिंका लागल्या होत्या, आणि लग्नाच्या जोडीचा फोटो दुसऱ्या दिवशी काढावा लागला होता. पण निघाला तो लख्ख.

अशा माणसाच्या घरात त्याच्या स्वतःच्या थोरल्या लेकीचा एकसुद्धा फोटो नव्हता.

दर रोलातला शेवटचा फोटो शिवलीलाचा काढायचा, असं आप्पा ठरवायचे. आणि दर वेळी पासपोर्ट फोटोची घाई असलेला कुणीतरी दारात टपकायचा. पुढच्या रोलात काढू, असं म्हणता म्हणता पोर तीन वर्षांची झाली आणि गोवरात गेली. लिंगायतांच्या रीतीप्रमाणं तिला शेतातच माती दिली. आप्पांनी नळदुर्गहून पाथरवट आणला आणि त्याच्यासमोर बसून, तोंडानं सांगत सांगत, समाधीच्या दगडावर तिचा चेहरा कोरून घेतला. कुरळे केस, फुगरे गाल आणि हातात फिल्मच्या डबीचं झाकण. ते झाकण ती झोपेतसुद्धा सोडायची नाही. पाथरवटाला काय साधलं होतं कोण जाणे, पण दगड बघून पोरीची आई, चन्नम्मा, तिथंच मटकन बसली होती.

पुढं तलाव झाला आणि शेत त्यात गेलं. माती दिलेली जागा हलवू नये, असं मठातल्या स्वामींनी सांगितलं. म्हणून दगड तिथंच राहिला आणि त्याच्यावर दोन पुरुष पाणी चढलं. चन्नम्मा त्यानंतर तलावाकडं फिरकली नाही. आप्पा मात्र अधूनमधून काठावर जाऊन बसायचे आणि घरी कुणाला सांगायचे नाहीत. अर्थात घरी सगळ्यांना ठाऊक होतं.

आता आप्पांच्या डोळ्यांत काचबिंदू झाला होता. उजवा डोळा गेलाच होता, डाव्यात थोडा उजेड शिल्लक होता. जे गेलं ते परत येणार नाही आणि राहिलंय तेही फार दिवस टिकणार नाही, असं सोलापूरच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. घरी आल्यावर आप्पांनी एकच गोष्ट मागितली. डोळे जायच्या आत पोरीचं तोंड एकदा बघायचं होतं.

स्टुडिओ आता धाकटा नंदीश चालवायचा. बहीण गेल्यावर जन्मलेला, त्यामुळं त्यानं तिला पाहिलेलं नव्हतं, आणि त्याला उमजायला लागलं तोवर दगडावर पाणी होतं. लग्नात ड्रोन उडवणारा हा माणूस. त्यानं मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाण्यात उतरवायचा घाट घातला. पाण्यात मोबाइलला बोटच कळेना. शिवाय पडद्याच्या झगमगाटानं आप्पांच्या डोळ्यांना धार लागायची. त्यांना कागदावरचा फोटो हवा होता, उन्हात धरून बघता येईल असा.

तेव्हा आप्पांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढायला लावली. तीत एक जुना जपानी कॅमेरा होता, पाण्यात चालणारा. रोलवरचा, मुठीत धरला तर वरवंट्यासारखा जड. खूप वर्षांमागं तलावाचे दरवाजे तपासायला केरळकडचा एक पाणबुड्या येत असे. नौदलातून निवृत्त झालेला, कुरियन नावाचा. त्याचे रोल आप्पाच धुऊन द्यायचे. शेवटच्या खेपेला जाताना तो हा कॅमेरा त्यांच्या हातात ठेवून गेला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत बरंच काही समजावून गेला. त्यातलं आप्पांच्या लक्षात एकच राहिलं होतं, की मागच्या झाकणाच्या रबरी कड्याला ग्रीस लावल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. या कॅमेऱ्यातून बघून फोकस करता येत नव्हता. अंतराचा आकडा आपणच अंदाजानं लावायचा. आप्पा मनाशी हसले. अंदाज लावायचं काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

पुण्याहून काळ्यापांढऱ्या फिल्मचा एकच रोल मिळाला. पौषात पाण्यातला गाळ खाली बसतो आणि तलाव निवळतो, म्हणून तोवर थांबले. विहिरीत पडलेल्या पाणी उपसायच्या मोटारी बुडी मारून काढणारा लिंबाजी यायला तयार झाला. एका दुपारी, ऊन डोक्यावर असताना, ट्रॅक्टरच्या फुगवलेल्या ट्यूबवर आप्पांना बसवून नंदीश आणि लिंबाजी त्यांना पाण्यात घेऊन गेले. म्हाताऱ्याला घरी ठेवायचं दोघांच्याही मनात होतं, पण सांगणार कोण? देवळाचा कळस आणि समोरच्या टेकडीवरची चिंच एका रेषेत आली, की खाली समाधी. ही खूण नंदीशनं बघितली आणि आप्पांनी ओळखली.

आप्पांनी खिशातून स्टुडिओतली दोरी काढली आणि तिचं एक टोक कॅमेऱ्याला बांधलं. लिंबाजीनं खाली जायचं, दोरी दगडाला टेकवायची, चौथी गाठ दगडाला लागली की तिथंच थांबून खटका दाबायचा. पाण्यात उजेड कमी, म्हणून लेन्स पूर्ण उघडी ठेवावी लागणार होती, आणि अशा वेळी अंतर वीतभर चुकलं तरी फोटो हातचा जातो. आप्पांनी लेन्सवर चारचा आकडा लावला, नंदीशकडून खात्री करून घेतली आणि लिंबाजीच्या हातून तो हलू नये म्हणून त्याच्यावर चिकटपट्टी मारली.

लिंबाजी पहिली बुडी मारून वर आला तो फुरफुरत. दगड आहे, शाबूत आहे, हातानं शेवाळ पुसलं, असं त्यानं सांगितलं.

"पन आप्पा," लिंबाजी म्हणाला, "दगड तीनच गाठीवर दिसायलाय. दोरी मातर चार म्हनायलीय."

"दोरीचं ऐक," आप्पा म्हणाले. "डोळं फसिवत्यात."

लिंबाजीनं दोरीचं ऐकलं. रोल संपेपर्यंत तो बुड्या मारत राहिला. वर आला तेव्हा त्याचे दात वाजत होते आणि कानातून पाणी निघत नव्हतं.

रोल आप्पांनी स्वतः धुतला. न्हाणीघराच्या दाराला वाकळ लावून मिट्ट काळोख केला आणि आत एकटेच बसले. बोटांनी फिल्म चाचपत रिळावर चढवली, डब्यात घातली, अंक मोजत औषध ओतलं. त्या काळोखात डोळस माणसालाही दिसलं नसतं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना कुणाचा हात धरावा लागला नाही. ओली फिल्म घेऊन बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर स्टुडिओचा जुना मालक आला होता. काही उमटलंय का, असं त्यांनी विचारलं. नंदीशनं फिल्म उजेडात धरली आणि सगळीवर दगड आलाय असं सांगितलं. आप्पांनी चन्नम्माला गोडाचा शिरा करायला सांगितला.

मग नंदीश कॉम्प्युटरवर फोटो करायला स्टुडिओत गेला तो लवकर येईना. शिरा झाला, निवला. अखेर तो आला आणि लग्नाच्या अल्बमच्या पानाएवढा कागद त्यानं आप्पांच्या हातात दिला.

आप्पा ओट्यावर उन्हात बसले होते. त्यांनी कागद डाव्या डोळ्याजवळ नेला, लांब नेला, तिरपा केला. राखाडी काहीतरी होतं आणि त्यात एक फिकट गोल होता. पण हल्ली त्यांना सगळंच असं दिसायचं. दारातली म्हैस अशीच दिसायची, चन्नम्माही अशीच दिसायची. हा धुरकटपणा कागदाचा की डोळ्याचा, हे ठरवायचं कसं? जन्मभर दुसऱ्यांचे फोटो पारखणारा माणूस, आज त्याच्या हातात त्याला हवा असलेला एकमेव फोटो होता, आणि तो चांगला की वाईट हे त्याला दुसऱ्याला विचारावं लागत होतं.

"साफ आलाय का रे?"

"एकदम साफ, आप्पा."

"हातात काय हाय तिच्या?"

त्यांनी परीक्षा म्हणून विचारलं नव्हतं. त्यांना नुसतं ऐकायचं होतं. नंदीशनं वाकून कागदात डोळे घातले.

"फूल हाय की," तो म्हणाला.

फोटो साफ असता तर पोराला झाकण दिसलं असतं. लिंबाजीचं बोलणं आप्पांना आठवलं, आणि त्याच्या मागोमाग, इतक्या वर्षांनी, कुरियनचंही. पानी में फीता नहीं, अप्पा, आँख. मोजायची फीत नव्हे, डोळा. पाण्यात वस्तू असते त्याहून जवळ दिसते, आणि कॅमेऱ्यालाही ती जवळच दिसते. म्हणून डोळा सांगेल तेवढंच अंतर लावायचं. कुरियननं विहिरीच्या काठावर उभं करून तळातलं भांडं दाखवून सांगितलं होतं. आप्पांनी मान हलवली होती आणि मनात म्हटलं होतं, आपल्याकडं दोरी आहे.

सगळा रोल एकाच आकड्यावर, तीनऐवजी चारवर, निघाला होता. वर चिकटपट्टी मारलेली. तलावावर आता शेतीच्या मोटारी लागल्या होत्या, पाणी गढूळ झालं होतं. पुढच्या पौषापर्यंत डोळा राहणार नव्हता. करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि चिडायचं तर कुणावर? पोरानं बहिणीला पाहिलेलंच नव्हतं. तो बिचारा बापाला सांभाळून घेत होता.

"व्हय," आप्पा म्हणाले. "फूलच हाय."

नंदीश जरा वेळ घुटमळला आणि स्टुडिओकडं निघून गेला. आप्पांनी चन्नम्माला हाक मारली. ती हात पुसत आली आणि कागद घेऊन त्यांच्या शेजारी बसली. तिचे डोळे अजून धड होते. सुईत दोरा ती चष्म्याशिवाय ओवायची. तिनं कागद उन्हात धरला.

"नंदीश म्हनतोय, हातात फूल हाय," आप्पा म्हणाले.

"त्याला काय ठावं," चन्नम्मा म्हणाली. "झाकन हाय डबीचं. कसं गच्च धरलंय बघा."

तिनं त्यांचं बोट धरलं आणि कागदावर टेकवलं. हितं, म्हणाली. आप्पांनी बोट फिरवलं. कागद सगळीकडं सारखाच गुळगुळीत होता. तू बघून सांगायलीस का आठवून, असं विचारायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. तिचा हात त्यांच्या हातावर तसाच होता, शिऱ्याच्या तुपाचा वास येणारा. त्यांनी विचारलं नाही.

"आन् केस?" ते म्हणाले. "केस कसं हायत?"